उपकेंद्रात एमबीबीएस डॉक्टर मागायचा की आणखी काही?

प्रश्न वाचला भाऊ. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, आरोग्य उपकेंद्राला नवीन रंग मारून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असा बोर्ड लागला पण एमबीबीएस डॉक्टर काही आला नाही, वडिलांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, दर महिन्याला त्यांना यवतमाळला न्यावं लागते, आणि आता गावातली पोरं मिळून ग्रामसभेत ठराव घेऊन कायमचा डॉक्टर मागायचा म्हणून राहिले. ठराव कोणाच्या नावानं करायचा आणि डॉक्टर मिळेल का, असं विचारलं आहे.

डॉक्टरचं आधी सांगतो. नाही मिळणार. उपकेंद्राला एमबीबीएसचं पदच मंजूर नसते. जागा रिकामी असती तर भांडता आलं असतं, इथे जागाच नाही, त्यामुळे तुमचा ठराव जिल्हा परिषदेत आवक नंबर घेईल आणि फाईलमध्ये जाऊन बसेल. मी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात एमओ म्हणजे मेडिकल ऑफिसर होतो, नंतर तालुका आरोग्य अधिकारी म्हणून काम केलं, यवतमाळ आणि चंद्रपूर दोन्हीकडे, त्यामुळे अशा ठरावांचं काय होते ते टेबलाच्या त्या बाजूनं पाहिलेलं आहे. आता निवृत्त आहे, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगला शिकवायला बोलावतात तेव्हा जातो.

पण मला तुमचा खरा प्रश्न डॉक्टरचा वाटत नाही. वडिलांचा आजार काय आहे ते माहीत आहे, औषध काय ते ठरलेलं आहे, आणि तरी महिन्यातून एक दिवस त्यांची आणि तुमची मजुरी बुडते, एसटीचं तिकीट, डॉक्टरची फी, मेडिकलवाल्याचं बिल, एवढं सगळं त्याच त्या गोळ्या परत आणायला. म्हणजे प्रश्न आहे ठरलेली गोळी गावात का मिळत नाही आणि बीपी कोणी का मोजत नाही. हे दोन्ही काम उपकेंद्राचं आहे आणि त्याला एमबीबीएस लागत नाही. तिथे भांडलात तर मिळण्यासारखं आहे.

आता रचना समजून घ्या, कारण निम्मी निवेदनं चुकीच्या दारात जातात. सपाट भागात साधारण ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पीएचसी, आणि सव्वा लाखाच्या आसपास एक ग्रामीण रुग्णालय. मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी किंवा डोंगरी भागात हेच आकडे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार असे आहेत. हे झाले कागदावरचे निकष, प्रत्यक्षात लोकसंख्या वाढली पण इमारती त्या वेगानं वाढल्या नाहीत, त्यामुळे तुमच्या उपकेंद्राकडे ७-८ हजार लोक असले तरी मला नवल वाटणार नाही. उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणजे आपण जिला शिस्टर म्हणतो ती, आरोग्य सेवक, आणि २०१८ नंतर आलेला समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ. आपल्याकडे सीएचओ बरेचसे बीएएमएस असतात, काही बीएस्सी नर्सिंग, त्यांना वरून सहा महिन्यांचा कोर्स दिलेला असतो. गावात हजार लोकांमागे एक आशा. एमबीबीएस डॉक्टर भेटतो पीएचसीला, तिथे दोन एमओची पदं असतात आणि सहा खाटा. तुमच्या बोर्डावरचं ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव २०२३ च्या शेवटी आलं, त्याआधी त्यालाच हेल्थ अँड वेलनेस सेंटर म्हणायचे. नाव बदललं, काम तेच.

आणि आता जी गोष्ट गावात कोणाला माहीत नसते ती. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेच्या ताब्यात, वर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्याच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे थेट राज्याच्या आरोग्य खात्याचे, तिथला साहेब जिल्हा शल्य चिकित्सक म्हणजे सिव्हिल सर्जन. आणि मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षणवाल्यांचं. यवतमाळला जिल्ह्याचा मोठा दवाखाना म्हणजे मेडिकल कॉलेजच. त्यामुळे तुमच्या गावातला पेशंट उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय करत मेडिकल कॉलेजला पोचला तर तो तीन मालकांच्या हद्दीतून गेलेला असतो, आणि या तिघांच्या वह्या एकमेकांशी बोलत नाहीत. पीएचसीतला एमओ चिठ्ठी देऊन वर पाठवतो, वरून उलट चिठ्ठी जवळजवळ कधीच येत नाही. पेशंटला अॅन्जिओप्लास्टी झाली हे आम्हाला सहा महिन्यांनी आशाकडून कळायचं. पैशातही हाच फरक आहे, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत केले, तो निर्णय मेडिकल कॉलेजांना लागू नव्हता. लोक म्हणतात सरकारी म्हणजे सगळं एकच, तसं नाही ते.

मग पेशंट वरून खाली परत येत नाही त्याला काय करायचं? मी एवढंच केलं होतं की डिस्चार्ज कार्डाचा फोटो आशानं किंवा घरच्यांनी सीएचओला पाठवायचा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही, सीएचओच्या स्वतःच्या नंबरवर, नाहीतर कोणाला टीबी आहे ते चौकात होते. खर्च शून्य, पण मागं लागावं लागते.

आता वडिलांकडे येतो. हिशोब करून पाहा. ५ हजार लोकसंख्येत तीस वर्षांवरचे साधारण दोन हजार धरा. त्यातल्या पाचात एकाला बीपी धरला, आणि हा अंदाज कमीच आहे, तरी चारशे लोक झाले. शुगरवाले वेगळे. यातल्या प्रत्येकानं महिन्यातून एकदा बीपी मोजून गोळ्या न्यायच्या म्हटलं तर रोज वीसएक माणसं, महिनाभर, फक्त एका उपकेंद्रावर. पीएचसीखाली अशी पाच-सहा उपकेंद्रं. दोन एमओंनी हे सगळं पाहायचं म्हटलं तर त्यांनी बाळंतपण, साप, विंचू, पोस्टमॉर्टेम, मिटिंगा हे कधी करायचं? आणि त्यातला एक एमओ बहुतेक वेळा डेप्युटेशनवर किंवा बॉन्डचं म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष संपवून पीजीच्या अभ्यासाला लागलेला असतो.

म्हणून काम वाटून दिलेलं आहे. पहिल्यांदा बीपी निघाला तर एमओ पाहतो, औषध सुरू करतो. एकदा गाडी रुळावर आली की दर महिन्याचं मोजणं आणि गोळ्या देणं उपकेंद्रावर सीएचओचं काम. १४०/९० च्या खाली येत नसेल, पायाला सूज असेल, छातीत दुखत असेल तर परत एमओकडे, किंवा ई-संजीवनीवर व्हिडिओ कॉल लावून डॉक्टरला दाखवायचं, नेटवर्क असेल तर. भामरागड किंवा चिखलदऱ्याकडच्या सीएचओला ई-संजीवनीचं विचारा, तो फक्त हसतो. २०१७ च्या शेवटी देशातल्या २५ जिल्ह्यांत बीपीचा एक कार्यक्रम याच पद्धतीनं सुरू झाला, आपल्याकडचे वर्धा आणि भंडारा त्यात होते. सगळ्यांना एकच ठरलेली औषधाची पायरी, साध्या अॅम्लोडिपिनपासून सुरुवात, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, प्रत्येकाचं कार्ड आणि जो आला नाही त्याला फोन. यात स्पेशालिस्टचं असं काहीच नाही.

डॉक्टर नसलेला माणूस हे करू शकतो का, असा प्रश्न गावात नेहमी येतो. “शिस्टरच्या हातची गोयी खाऊन काय होते” असं मला तोंडावर म्हणालेले आहेत लोक. तर आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, घरी जाऊन वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुमची आशा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते ना, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, ते तिथूनच निघालं. आठवी-दहावी शिकलेली बाई हे करू शकते तर साडेपाच वर्षं बीएएमएस केलेला माणूस बीपी मोजून ठरलेली गोळी नक्की देऊ शकतो. फक्त त्या बायांच्या मागे दर पंधरवड्याला येऊन तपासणारा सुपरवायझर होता आणि औषधाची पिशवी भरलेली होती, हे आपण सोयीनं विसरतो.

पिशवी भरलेली असणं, इथेच सगळं अडते, म्हणून जरा खोलात सांगतो. उपकेंद्राच्या औषधांच्या यादीत शंभरावर औषधं आहेत, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात येतात. मग गावात का नसतात? मागणी जाते मागच्या खपावरून. समजा उपकेंद्रावर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दोन महिने आलीच नाही. लोक दोनदा रिकाम्या हातानं परत गेले, तिसऱ्यांदा कोण येते, ते मेडिकलच्या दुकानातून विकत घेतात किंवा सरळ बंद करतात. आता रजिस्टरला खप किती दिसते? शून्य किंवा दहा-वीस. पुढच्या तिमाहीची मागणी त्या आकड्यावर जाते आणि वरून तेवढाच माल येतो. वरचा साहेब म्हणतो तुमच्याकडे खपच नाही. तो खोटं बोलत नाही, त्याच्या ऑनलाइन साठ्यात तसंच दिसते. मी तालुका आरोग्य अधिकारी असताना सगळ्या उपकेंद्रांना सांगितलं होतं की गोळी नसली तरी माणसाचं नाव लिहा, पुढे ‘दिली नाही, साठा नाही’ असं लिहा आणि महिन्याच्या मागणीत ती माणसं धरा. सुरुवातीला स्टाफला आवडलं नाही, आपलीच कमतरता आपण का लिहायची म्हणून. पण दोन तिमाहीत मागणीचे आकडे खरे व्हायला लागले. गावानं हे मागायला पाहिजे. गोळी नाही म्हणून परत पाठवलं तर तेवढं रजिस्टरला लिहून घ्या म्हणा, आवाज न चढवता.

दुसरं म्हणजे वेळ. सीएचओ दहा वाजता बसतो आणि वेचणीच्या दिवसात दहा वाजता गावात कोण असते? म्हातारे आणि कुत्रे. सोयाबीनच्या सोंगणीला तर तेही वावरात. आम्ही एका पीएचसीत बीपी-शुगरचा दिवस बाजाराच्या दिवशी ठेवला होता, कारण त्या दिवशी लोक तसेही गावात येतात, पिशवीत भाजी आणि गोळ्या दोन्ही. चंद्रपूर-गडचिरोलीकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, ती जायच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊन टाकायचो, साठा असला तर. नियमात तीस दिवस आहे हे मला माहीत आहे. पण मिरचीच्या वावरातून गोळी घ्यायला कोणी परत येत नाही.

आणि लोकांचीही थोडी बाजू आहे, रागावू नका. “आता बरं वाटून रायलं, मंग कायले खायची” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे. बीपी दुखत नाही, त्यामुळे बंद केल्यावरही काही दिवस काहीच होत नाही, आणि मग एक दिवस अर्धांगवायू. गुडघे दुखले की मात्र सलाईन लावून द्या म्हणणारे आपणच, आणि शिस्टरनं नाही म्हटलं की डिग्री नसलेल्याकडे जाऊन शंभर-दोनशे देऊन लावून घेणारेही आपणच. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं तर बोलायचीच सोय नाही. तीस वर्षांवरच्यांची तोंडाच्या कॅन्सरची तपासणी उपकेंद्रावरच होते, बीपी-शुगरसोबत, पण खर्रा खाणारा माणूस तोंड उघडून दाखवायला तयार नसतो.

आता कुठे अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळीकडे हे असंच चालते असा माझा दावा नाही. तुमचा सीएचओ मुक्कामाला राहतो की यवतमाळहून अपडाऊन करतो, यावर अर्धं ठरते. क्वार्टर राहण्यालायक आहे का ते आधी जाऊन पाहा, पाणी नाही, दार मोडलेलं, आणि तिथे लहान पोर घेऊन एक बाई राहील अशी अपेक्षा आपण करतो. पीएचसीचा एमओ कसा आहे यावरही खूप ठरते, तो महिन्यातून एकदा उपकेंद्रावर येऊन बसला तर सीएचओचं वजन गावात वाढते. आणि पोर्टलचा त्रास वेगळाच, एनसीडीचं म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचं अॅप, गरोदर मातांचं, टीबीचं, लसीकरणाचं, आभा कार्ड, सगळ्यात तीच माहिती परत परत भरायची. सीएचओ मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला दिसला तर दर वेळी रील पाहत नसतो.

काही गोष्टींत उपकेंद्राची वाटच पाहू नका. छातीत दुखून घाम फुटला, फवारणी करताना विषबाधा झाली, बाळंतिणीचं रक्त थांबत नाही, तर सरळ १०८. सापाचं थोडं वेगळं आहे. पीएचसीला सापाची लस असते, त्यामुळे पीएचसी जवळ असेल तर आधी तिथे, लस सुरू करून मग वर. यवतमाळ दीड तासावर आहे आणि पीएचसी पंधरा मिनिटांवर, तरी घरचे थेट यवतमाळला पळवतात आणि तो वेळ विष वापरते. पावसाळ्याच्या आधीच पीएचसीत फोन करून विचारून ठेवा लस आहे का.

तर ठराव कसा करायचा. उपकेंद्राची एक जन आरोग्य समिती असते, अध्यक्ष सरपंच आणि सचिव सीएचओ. बहुतेक गावांत ती कागदावर असते. तिची मिटिंग लावायला सांगा आणि मागच्या मिटिंगचं प्रोसिडिंग वाचायला मागा, उपकेंद्राला दरवर्षी जो थोडा अबंधित म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला निधी येतो त्याचा हिशोब तिथेच असतो, पाण्याची टाकी, दाराची दुरुस्ती, बीपीच्या मशीनचा पट्टा अशा कामांना तो वापरता येते. ठरावात ‘डॉक्टर द्या’ असं न लिहिता असं लिहा: सीएचओची जागा रिकामी असेल तर भरा, बीपी-शुगरच्या या या गोळ्या सलग तीन महिने उपकेंद्रावर पाहिजेत, आठवड्यातला अमुक दिवस त्यासाठी ठरवा, आणि पीएचसीच्या एमओनं महिन्यातून एक दिवस उपकेंद्रावर ओपीडी घ्यावी. हे सगळं नियमात बसते, कोणाला नाही म्हणता येत नाही. प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला. सिव्हिल सर्जनला पाठवू नका, उपकेंद्र त्यांच्याकडे नाही, ते फक्त पुढे पाठवतील आणि महिना जाईल. दोन महिन्यांत काही हललं नाही तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाका, तिथे उत्तर द्यावंच लागते. आणि आमदाराला घेऊन एकदम उपकेंद्रावर जाऊ नका. त्यात ज्याच्या हातात काही नाही त्या शिस्टरची बोलणी खाऊन होतात आणि ती बदली मागते.

वडिलांचं मात्र ठरावापर्यंत थांबवू नका. यवतमाळची फाईल घेऊन एकदा पीएचसीत एमओकडे जा, सकाळी लवकर. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असते, आतलं औषध बहुतेक वेळा तेच असते जे सरकारी साठ्यात आहे, एमओ ते जुळवून देईल. पीएचसीतूनच महालॅब या सरकारी तपासणी योजनेत रक्त जाते, शुगर आणि क्रिएटिनिन फुकट होईल, किडनी कशी आहे ते कळेल. इन्सुलिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल किंवा हार्टचं काही झालेलं असेल तर यवतमाळचा डॉक्टर सोडू नका, पण तीन-चार महिन्यांतून एकदा तिकडे आणि मधले महिने गावात असं त्यांनाच विचारून ठरवता येते. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि नवीन व्यवस्था लागेपर्यंत जुनी गोळी एकही दिवस बंद ठेवू नका.

वडिलांचं नाव झाकून औषधांची यादी इथे टाकली तरी चालेल, त्यातली कोणती गोळी उपकेंद्रावर मागायची आणि कोणती पीएचसीत ते सांगतो. ज्वारीच्या कामात आहे सध्या, उत्तराला एक-दोन दिवस लागतील.